उशिरा विझणारा दिवा

मागच्या महिन्यात माझ्या वर्गमैत्रिणीच्या भावाने आम्हा दोघींना यवतमाळच्या बसस्थानकावरून हॉस्टेलपर्यंत गाडीने सोडलं. संध्याकाळ झाली होती. सामान काढून द्यायला तो उतरला, दार बंद करून त्याने कुलूप लावलं, तरी गाडीचे समोरचे दिवे जळतच होते. मी म्हटलं, दादा, दिवे राहिले. तो हसून म्हणाला, राहू दे, ते आपले आपण विझतात, आता सगळ्या नव्या गाड्यांना असतं हे. मैत्रीण आत गेली. मी फाटकापाशी उभी राहिले आणि दिवे विझल्यावरच आत गेले. काय झालं, असं तिने विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही. सांगायचं तर तायडे काकांपासून सांगावं लागलं असतं, आणि काका जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

इथेही ते नीट जमेल याची मला खात्री नाही. मी कोणाबद्दल असं कधी लिहिलेलं नाही. काकांचं पूर्ण आयुष्य तर मला माहीतच नाही. मी त्यांना पाहिलं ते फक्त कॉलेजच्या वर्षांत, पुसदला त्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते तेव्हा.

आमचं गाव महागाव तालुक्यात. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे खोली बघताना काय विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं आणि बाबांनाही. बाबा अंगणात नुसते टोपी हातात घेऊन उभे राहिले. शेवटी काकांनीच विचारलं, "पोरगी रात्री वाचत बसते का?" बाबांना वाटलं विजेची काळजी आहे. ते घाईने म्हणाले, नाही नाही, लवकर झोपते. काका म्हणाले, "मंग कायले आनली? खोली वाचनाऱ्याले द्याची हाये." बाबांचा चेहरा पडला. तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या मानसाले बसा तं म्हना आधी. आल्या आल्या परीक्षा घेऊन राह्यले." अशी मी त्या घरात राहायला गेले.

काका डेपोच्या वर्कशॉपात बसगाड्यांची वायरिंग करायचे. मी गेले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण हात निवृत्त झाले नव्हते. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांचा एक छोटा बल्ब असायचा, त्याला दोन वायरी जोडलेल्या. कुठे करंट येतो, कुठे येत नाही, हे त्या बल्बने बघायचं. बोटांची टोकं काळ्या टेपच्या चिकटाने कायमची काळी. वायरीचा तुकडा ते कधी फेकत नसत. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत रंगांप्रमाणे तुकडे ठेवलेले असत आणि त्या डब्यांना घरात कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. काकू तो नियम रोज मोडत आणि लाल वायरीच्या तुकड्यांनी मिरचीची पुडी बांधत.

माणसांबद्दल बोलतानाही ते वायरिंगचीच भाषा बोलायचे. विहारात कोणी लांबलचक भाषण केलं की घरी येऊन म्हणायचे, याचा कटआउट बिघडला, चार्जिंग थांबूनच नाही राह्यलं. एखादा उगाच भडकला की म्हणायचे, अर्थिंग नाही त्याले. मला परीक्षेची भीती वाटायची तेव्हा म्हणाले होते, फ्यूज उडाला म्हनून कोनी गाडी भंगारात नाही देत. कोणतंही काम सांगितलं तर 'करतो' म्हणत नसत. 'पाहू' म्हणायचे. 'पाहू' म्हटलं की ते काम झालंच असं समजायचं, फक्त किती वेळा बिघडून होईल ते सांगता येत नसे.

काकू अंगणवाडी सेविका होत्या. त्याही निवृत्त. कडक इस्त्रीची साडी, मोठा आवाज, आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराला त्याच्या लहानपणीच्या शेंबडासकट ओळखण्याची सवय. दिवसा त्या सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या. पण दिवस मावळला की त्यांच्या डोळ्यांवर जणू पडदा पडायचा. रातांधळेपणा. हे मला कोणी सांगितलं नाही; राहता राहता कळलं. संध्याकाळी त्या अंगणात बसून राहायच्या, कोणी बोलावलं तर 'तुमी व्हा म्होरं' म्हणायच्या. बाहेरून अंधारात परत यायची वेळ आली की चपलेचा पट्टा निसटायचा, पिशवीत काहीतरी शोधायचं असायचं, आणि काका मुकाट्याने शेजारी उभे राहायचे. हात मात्र धरायचा नाही. एकदा त्यांनी धरला होता, तर काकूंनी तो भर गल्लीत झटकून टाकला होता.

त्यांच्याकडे जुनी पांढरी गाडी होती. गल्ली अरुंद, म्हणून ती समोरच्या रिकाम्या प्लॉटवर, घराकडे तोंड करून उभी असायची. गाडीपासून घरापर्यंत थोडंसंच अंतर, पण मध्ये नाली होती, तिच्यावर एक फरशी, मग बोअरचा ओटा, मग पायऱ्या. खांबावरचा दिवा महिन्यातून चार दिवस लागायचा. त्या नालीत काकू एकदा पडल्या. पाय मुरगळला. लोक धावले तेव्हा त्यांनी सांगितलं, शेळी आडवी आली. काकांनी लगेच जोड दिली, राठोडची शेळी होती. शेजारचे राठोड मामा तिथेच उभे होते. ते म्हणाले, अरे पन माह्याकडे शेळी कुठी हाये? काका म्हणाले, "असती तं आडवी आलीच असती ना."

सगळे हसले. पण त्या दिवसापासून काका उपाय शोधायला लागले.

पहिला उपाय त्यांनी सोपाच केला. पुढच्या वेळी विहारातून आल्यावर काकू उतरल्या आणि काका आत बसून राहिले, गाडीचे मोठे दिवे घरावर रोखून. काकू उतरल्या तशाच परत आत बसल्या. म्हणाल्या, बंद करा ते. मी काय नाटकातली हाये का, उजेड मारून पाहाले? दिवे बंद झाले. दोघं तसेच आत बसून होते. मी दारातून बघत होते, पण जावं की नाही ते मला कळेना. मग काकू उतरल्या आणि पायाने चाचपत, बोअरच्या ओट्याला हात लावत, एकट्या घरी आल्या. काका त्यांच्या बऱ्याच मागून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे बाहेर निघाले.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मला माठाचं उदाहरण देऊन सांगितलं. गाडीचं दार उघडलं की दाराच्या चौकटीतलं बटण सुटतं आणि करंट चालू होतो. तेवढ्या वेळात एक कंडेन्सर भरून घ्यायचा, माठासारखा. दार लागलं की करंट बंद, पण माठ झिरपत राहतो. झिरपतो आहे तोवर रिले, म्हणजे करंटने ओढला जाणारा खटका, दिव्याला धरून ठेवतो. माठ रिकामा झाला की रिले सोडतो, दिवा विझतो. "म्हंजे मानूस उतरला, दार लागलं, आपल्या वाटेनं गेला," ते म्हणाले, "दिवा कोनासाठी नाही. गाडीचीच सवय हाये ती." हे सांगताना ते घराच्या दाराकडे बघत होते. काकू आत भाकरी थापत होत्या.

मला तेव्हा त्यातलं अर्धंच समजलं. पण 'दिवा कोनासाठी नाही' हे समजलं.

मोठे दिवे त्यांना नको होते; ते डोळ्यांवर येतात. बंपरच्या खाली त्यांनी एक छोटा, बसका दिवा बसवला, उजेड जमिनीवर सांडेल असा. नाली, फरशी, ओटा, पायऱ्या. मग डब्यातून रिले काढला, जोडला. दार उघडलं. काही नाही. वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या, खिशातला बल्ब लावून बघितला, करंट तर येत होता. रिले मात्र ओढेना. दुपारचं जेवण तसंच राहिलं. काकू दोनदा बाहेर येऊन गेल्या. राठोड मामा खुर्ची घेऊन बसले. शेवटी काकांनी रिले हातात घेऊन चष्म्याजवळ धरला आणि त्यावरचं वाचलं. मग ते जमिनीवर बसले आणि हसायला लागले. त्यांच्याकडचं सगळं सामान बसचं होतं, चोवीस व्होल्टचं. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. "आख्खी जिंदगी चोवीसात गेली," ते म्हणाले, "बाराचं जगात काही असते हेच भुललो." राठोड मामा म्हणाले, "तायडे, तुमाले पेन्शन बी चोवीस व्होल्टनं भेटते का?"

बारा व्होल्टचा रिले बाजारातून आला. मग कंडेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या. तो टपकन फुटला आणि गाडीत सडक्या मासळीसारखा वास भरला. पुढचे कितीतरी दिवस काकू गाडीत नाकाला पदर लावून बसायच्या. त्यानंतरचा टिकला, पण दिवा दार लागताच दोन श्वासांत विझायचा. मग बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने एक ट्रान्झिस्टर मध्ये घालायला सांगितला, म्हणजे माठ हळू झिरपेल. काकांनी सोल्डरचे डाग दिले, टेप गुंडाळला, आणि दिवा तग धरायला लागला.

किती वेळ जळायला हवा, हे ठरवायचं राहिलं होतं. काका घड्याळ वापरत नसत. थोडा वेळ मोजायचा असला की ते मनात बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायचे. चहा उकळायचा तोही त्याच मापाने. एका रविवारी सकाळी त्यांनी काकूंना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, वैशालीची माय, गाडीतली थैली घेऊन ये बरं जरा. वैशाली म्हणजे त्यांची मुलगी, तिचं लग्न होऊन ती वर्ध्याला असते. काकू गेल्या, थैली घेतली, आणि परत निघाल्या. गल्लीत बायका होत्या, राठोड मामा दात घासत होते. काकांचे ओठ हलताना काकूंनी बघितले असणार. त्या ताठ मानेने, पदर सावरत, एखाद्या कार्यक्रमात स्टेजवर जावं तशा झपाझप चालत आल्या. काकांचं त्रिशरण संपायच्या आत त्या पायरीवर होत्या. काका खूश झाले आणि दिवा तेवढ्या वेळाचा करून टाकला.

चूक तिथे झाली. काकू रोज तशा चालत नसत. अंधारात तर नाहीच.

आठवड्याने आम्ही तिघं एका नामकरणाहून परतलो. दिवस नुकताच मावळला होता. काका उतरून मागच्या बाजूला सामान काढायला गेले, मी माझी पुस्तकं घेत होते. काकू पुढे निघाल्या. दिवा जमिनीवर पसरलेला होता, आणि त्या अगदी सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत होत्या. त्या फरशीवर पोचल्या आणि दिवा विझला.

काकू थांबल्या. हाक मारली नाही. दोन्ही हात थोडे अंगापासून दूर धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. दोन्हीकडे नाली होती. मी निघणार तेवढ्यात काकांनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. ते पुढे गेले नाहीत. गाडीच्या दारापाशी आले, दार उघडलं आणि धाडकन आपटलं. मोठ्याने पुटपुटले, "हे दार धड लागूनच नाही राह्यलं."

दिवा लागला. काकूंनी पाऊल उचललं. ओट्यापर्यंत गेल्या असतील तेव्हा काकांनी पुन्हा दार उघडून आपटलं. पायऱ्या चढून काकू आत गेल्या, आतून म्हणाल्या, कुलूप नीट लावा. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या सर्किटमध्ये फेरफार करून वेळ वाढवला. पण दार आपटायची सवय सुटली नाही. अंधार पडल्यावर आले की एकदा दार लावायचे, काकू फरशीवर पोचल्या की पुन्हा एकदा आपटायचे, गरज असो नसो. राठोड मामा विचारायचे, तायडे, तुमची गाडी झोपत नाही का? काका म्हणायचे, तिले उशिरा झोप लागते, म्हातारी झाली. त्या वर्षी गाडी कितीतरी वेळा बाहेर गेली. काकू सगळीकडे जायला लागल्या. लग्नं, मिटिंगा, बाळंतिणी बघायला. संध्याकाळी अंगणात बसून राहणं बंद झालं.

मला वाटायचं, काकूंना हे कळलेलं नाही. एकदा तुरीच्या शेंगा सोलताना मी त्यांच्याजवळ बसले होते. बाहेर काका गाडीखाली शिरले होते. काकू शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या, "ते दार दोनदा कायले आपटते, ते मले समजत नाही असं वाटते का तुले?"

मी पुढची शेंग उचलली.

"त्याइले सांगजो नोको मात्र," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं. आईला हेच होतं. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचं. काकू तेव्हा लहान. आई काठीचं एक टोक धरायची, दुसरं काकू धरायच्या, आणि तिला शेतात, नदीवर, बाजारात न्यायच्या. गावातली पोरं मध्येच ती काठी हिसकून घ्यायची आणि आईला भलतीकडेच न्यायची, काट्याच्या कुंपणाकडे. आई हसायची, त्यांच्याबरोबर खेळते आहे असं दाखवायची. "घरी आल्यावर काटे मी काढत जाओ," काकू म्हणाल्या. "काठीचं म्होरचं टोक मी धरलं हाये, शुभांगी. मागचं टोक कसं असते ते मले पाह्यचं नाही." शेंगा सोलून झाल्या होत्या. त्या टरफलं गोळा करून उठल्या.

माझ्या शेवटच्या वर्षी काकू भर दुपारी खुर्चीला अडखळल्या. नंतर दाराच्या कडेला खांदा लागला. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. कपातला चहा दिसायचा, कपाशेजारी ठेवलेली बशी दिसायची नाही. काका त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, साहेब, बल्ब गेला का लाइन तुटली? डॉक्टर चांगले असावेत. त्यांनी त्याच भाषेत उत्तर दिलं की लाइनच आतून सुकत चालली आहे, आणि ती बदलता येत नाही.

त्यानंतर काकांनी घरभर दिवे लावले. पायरीवर, ओट्यावर, मोरीत, दाराच्या कडेला. एके दिवशी काका नवीन दिवा लावायला टेबलावर चढलेले असताना काकू खालून शांतपणे म्हणाल्या, "वैशालीचे बाबा, आता उजेडाचं काम नाही राह्यलं." काका वर तसेच उभे राहिले. वायर हातात होती. मग त्यांनी ती हळूहळू गुंडाळली, खाली उतरले आणि डब्यात ठेवली. त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. मी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "वाच, वाच. मी आपला बसलो हावो." मग म्हणाले, "धरू तं कसं धरू? धरलं तं तिले तिची माय आठोते. नाही धरलं तं पडते." मी वाचत असल्यासारखी पुस्तक उघडून बसले. एकही ओळ वाचली नाही.

निकाल लागला, मी खोली सोडली आणि गावी आले. मग यवतमाळला प्रवेश मिळाला. काकांशी फोनवर बोलणं व्हायचं. काकू कशा आहेत, विचारलं की ते म्हणायचे, हाये. त्यापुढे विचारायचा मला धीर व्हायचा नाही.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतून. गावाहून यवतमाळला जाताना बस पुसदच्या बाजारापाशी अडकली होती. सकाळची वेळ, लख्ख ऊन, रस्त्याच्या कडेला भाज्यांचे ढीग. त्यात मला काका दिसले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. त्यांच्या मागे, अर्ध्या पावलावर काकू. काकूंचा उजवा हात काकांच्या खांद्यावर होता. कोणी ठेवायला लावल्यासारखा नाही. तो त्यांनी स्वतः ठेवला होता, मालकिणीने ठेवावा तसा. ते कळलं, कारण तेवढ्यात काकूंनी तो खांदा दाबला आणि काका थांबले. काकूंनी वाकून वांग्यांचा ढीग चाचपला. एक वांगं नाकाशी नेलं, परत टाकलं, आणि भाजीवाल्या बाईला काहीतरी सुनावलं. ती हसायला लागली. एवढा वेळ दुसरा हात खांद्यावरच होता.

मी खिडकीतून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा काकूंनी आवाजाकडे मान फिरवली, शोधत राहिल्या. काकांनी ऐकलं होतं. आवाजही ओळखला असावा, कारण पिशवीचा हात त्यांनी थोडा वर केला. पण ते वळले नाहीत. वळले असते तर काकूंच्या हाताखालून खांदा निघून गेला असता. तोंड रस्त्याकडे ठेवून, अजिबात न हलता, ते काकूंची वांगी निवडून होण्याची वाट बघत उभे राहिले.